चोवीस पट्ट्या

"दोर तुटला नाही ना, बाबा?" रिक्षात बसल्यापासून यतीनने तिसऱ्यांदा विचारलं.

"नाही म्हटलं ना. चोवीसच्या चोवीस आहेत." काशीनाथांनी मांडीवरची कापडी पिशवी सावरली.

रिक्षा वाणगावहून वरोरकडे निघाली होती. यतीनच्या मोबाइलवर गाइडचं पत्र उघडंच होतं. पीएचडीचे विषय पास, दोन पेपर छापून आलेले, सेमिनारही झालेला. घोडं पेंड खात होतं ते शेवटच्या प्रकरणापाशी. खाऱ्या पाण्यात दोन वर्षं बुडालेलं पोलाद किती गंजतं, ती मोजमापं आल्याशिवाय प्रबंध घेणार नव्हते. मुदतवाढ शेवटची होती. तीस तारखेनंतर नोंदणीच रद्द.

दुधाने तोंड पोळलेलं होतं, म्हणून एवढी धाकधूक. पोलादाच्या पहिल्या पट्ट्या वादळात दोरासकट वाहून गेल्या होत्या. तेव्हा यतीन वरोरच्या धक्क्यावर बसून लहान मुलासारखा रडला होता. नव्या पट्ट्या चौकटीत बसवून धक्क्याच्या खांबाला पाण्यात टांगून उत्तरेतल्या आपल्या संस्थेत परत जाताना त्याने बापाचे हात धरले होते.

"यांच्यावर माझं सगळं आयुष्य आहे, बाबा. एकही वाया जाऊ देऊ नका."

काशीनाथांनी जन्मभर रेल्वेत पॉइंट्समनची नोकरी केली. दिलेला शब्द आणि सुटलेली गाडी त्यांच्या लेखी सारखीच, मागे फिरायची नाही. अभ्यास कशाचा, हे त्यांनी कधी विचारलं नाही. 'तुम्हाला नाही कळायचं' म्हणून यतीननेही कधी सांगितलं नाही. दर पंधरवड्याला ओहोटीची वेळ बघून ते सायकलने वरोर गाठत. सायकल तीस वर्षांची, पण खाऱ्या हवेतही लख्ख. संध्याकाळी फोन यायचा, "सगळ्या ठीक." यतीन हुश्श करायचा आणि मग दुखऱ्या गुडघ्यांचा बाप आठवून त्याला स्वतःची लाज वाटायची.

धक्क्यावर हिरू मासेमार फाटलेलं जाळं सांधत बसला होता.

"गेल्या महिन्यात माझा नांगर चोरला," तो म्हणाला. "पण तुमच्या खांबाला कोणी हात नाय लावला. म्हातारा येतो ना. दोन-दोन तास पाण्यात उभा असतो. मी बोललो, काका, ताप येईल. ऐकतो कुठं?"

यतीनला भरून आलं. प्रबंधाच्या पहिल्या पानावर कोणाचं नाव घालायचं, ते त्याने तिथेच ठरवलं.

ओहोटी लागली होती. त्याने खांबाचा दोर दोन्ही हातांनी ओढला. दोर जड लागला, म्हणजे चौकट जागेवर होती. काशीनाथ मागे येऊन उभे राहिले. पिशवीतून त्यांनी पॉलिश-कागद काढला, तेलाची बाटली काढली आणि नेहमीच्या सवयीने दोन्ही वस्तू कठड्यावर ठेवल्या.

चौकट पाण्याबाहेर आली तसे यतीनचे डोळे उन्हाने दिपले. हाताचा आडोसा करून त्याने मोजल्या. चोवीस.

"बघ," काशीनाथ म्हणाले. दोन वर्षांत पहिल्यांदाच त्यांचा आवाज हलका झाला होता. "एकीवरही गंज चढू दिला नाही."