फुलाशिवाय नाव नाही

वनस्पतिसंग्रहालयाच्या सहारीसाहेबांनी बाटली उजेडाकडे धरली आणि भिंग लावलं. घरच्या तांदळाच्या दारूत, कुजू नये म्हणून ठेवलेलं नखाएवढं पांढरं फूल तरंगत होतं.

"आलं बाई एकदाचं!" ते म्हणाले. "किती दमवलंत मायलेकींनी!"

समोर बाकावर इंदाई सुलान बसली होती, नावेतून दीड दिवस करून आलेली. तिच्या लांबघरात, म्हणजे एका छपराखाली राहणाऱ्या अख्ख्या वस्तीत, तिला तिच्या नावाने कुणीच हाक मारत नसे. इंदाई सुलान, म्हणजे सुलानची आई, एवढंच. पायात लेकीचे बूट होते, दोन मापं मोठे, पुढे चिंध्या कोंबलेले. तिकडच्या बायकांच्या कानात हमखास दिसणारे डूल यावेळीही नव्हते.

दोन वर्षांपूर्वी सुलान स्वतः आली होती, ओढ्यातल्या खडकाला घट्ट धरून वाढणारं एक झुडूप आणि टिपणांची वही घेऊन. तशी पानं संग्रहातल्या वाळवलेल्या झाडांच्या एकाही कागदावर नव्हती; म्हणजे झाड नवं, अजून बिननावाचं. "पण फुलाशिवाय नाव नाही," साहेबांनी बजावलं होतं. "फूल आण, मग बघू."

तेव्हापासून ये-जा आईच करायची. साहेब वहीत प्रश्न लिहून द्यायचे, दोन-चार महिन्यांनी उत्तरं यायची.

"राणीसाहेबांना अजून सवड नाही वाटतं?"

"ती ओढ्यावरच असते, साहेब."

वही चाळताना साहेबांना हसू आलं. "सुरुवातीला मोत्यासारखं अक्षर, आणि मग हे बघा, खेकडे चालल्यासारखं! ओल्या खडकावर बसून लिहिते की काय? आता मात्र जरा वळण आलंय हं."

इंदाईने लाजल्यासारखी मान खाली घातली.

"पुंकेसर किती, ते कुठे लिहिलंय?"

"चार. एक आखूड," ती वहीकडे न बघताच म्हणाली. "सकाळी उमलतं. दुपारच्या आत पाण्यात पडतं."

"अहो, लेकीपेक्षा तुम्हीच हुशार!"

साहेबांनी कोरा कागद ओढला. वर लिहिलं, 'वर्णन: सुलान.' मग विचारलं, "आता नाव काय द्यायचं?"

"सुलानचंच द्या."

"ते नाही जमायचं. वर्णन करणाऱ्याने झाडाला स्वतःचंच नाव द्यायचं नसतं. आमच्यात हसतात लोक. तुमचं देऊ या की, आईचं!"

"माझं नको. तिचंच."

"भारी हट्टी बुवा तुम्ही. तिला घेऊन या, मी समजावतो. नाहीतरी सही लागेलच तिची."

इंदाईने एकदा बुटांकडे पाहिलं. मग उठली, साहेबांच्या हातातलं पेन घेतलं, 'वर्णन'पुढचं 'सुलान' खोडलं आणि एकेक अक्षर जपून काढत तिथे स्वतःचं नाव लिहिलं: मेंगा.

खेकडे चालल्यासारखं अक्षर.

"पहिली तीन पानं तिची," ती म्हणाली. "फूल बघायला गेली अन् वरून पाण्याचा लोंढा आला, त्या दिवसापर्यंतची. पुढे मी लिहायला शिकले, साहेब. आता देता येईल ना तिचं नाव?"