चौथी जागा

“मिलबर्गला डग. कॉटनवुडला टीना. आणि गुरांच्या बाजाराशेजारी आपला वेंडेल.” डॉक्टर एल्डन वॉसबर्ग यांनी तीन बोटं उभी केली, त्यांच्याकडे एकदा नीट पाहून घेतलं आणि म्हणाले, “झाले तीन. कायदा म्हणतो, एका डॉक्टरच्या देखरेखीखाली सहायक चार. म्हणजे एक जागा आहे की! लॉर्ना, सोमवारी उघड तुझा दवाखाना.”

लॉर्ना कुबिचेकचा चमचा राजमा-खिम्याच्या चिलीच्या वाडग्यात तसाच राहिला.

हेच ऐकायला तर ती सगळ्या टेकड्या ओलांडून गाडी हाकत त्यांच्या घरी जेवायला आली होती. हॅस्ली गावात तिच्याशिवाय तपासणारं कुणी नव्हतं. घसा तीच बघायची, टाके तीच घालायची, औषध तीच लिहून द्यायची. पण डॉक्टरची देखरेख नसेल तर सहायकानं रोग्याला हात लावायचा नाही, हा राज्याचा कायदा. तिच्यावर देखरेख करणारे डॉक्टर म्हातारपणी मुलाकडे फिनिक्सला राहायला गेले आणि त्या दिवसापासून तिच्या गळ्यातला स्टेथोस्कोप नुसता दागिना झाला. लोक तरी यायचेच. बाकावर बसायचे, खोकून दाखवायचे. “तू काही सांगू नकोस गं, नुसतं ऐक,” म्हणायचे. ती आपली धुतलेली कपाटं पुन्हा पुसत बसायची. महिनाअखेरपर्यंत डॉक्टर मिळाला नाही, तर गावची कमिटी दवाखान्याला कुलूप लावणार होती.

पंधरवड्यापूर्वी तिनं वॉसबर्गना फोन केला होता. तेव्हा ते म्हणाले होते, “चार भरलेत, बाई. माझा नाइलाज आहे.”

आणि आज तीन.

चौथी तर समोरच होती. ओव्हनपाशी पाठमोरी उभी राहून दालचिनीचे रोल सोडवत होती. डॉक्टरांची बायको डोरीन. लग्नाच्या आधीपासून ती त्यांच्या दवाखान्यात सहायक. अर्ध्या गावाला तिनं इंजेक्शनं टोचलेली, उरलेल्या अर्ध्याला दटावलेलं.

विसरले, लॉर्नाला वाटलं. सत्तरी उलटली, बायकोला मोजायचं राहून गेलं.

डोरीनला हे ऐकू गेलं नसेल असं नाही. पण तिची पाठ काही वळली नाही. नुसता चमच्याचा आवाज येत राहिला.

गप्प बसलं तर सोमवारी दार उघडत होतं. बाकावरच्या लोकांना आत बोलावता येत होतं. लॉर्नानं एक घास गिळला. चिलीची चवच लागेना. आज ना उद्या परवाने देणाऱ्या बोर्डाचं कुणीतरी मोजणार, पाचवर येऊन थांबणार, आणि मग या भल्या माणसाचा परवाना जाणार. त्याच्यामागून डग, टीना, वेंडेल, सगळेच घरी.

“डॉक्टर, तुमचे चार आहेत,” ती म्हणाली. “डोरीनला मोजलं नाहीत तुम्ही.”

“हिला?” डॉक्टरांनी भुवया वर नेल्या. “हिच्यावर देखरेख करायची छाती आहे कुणाची?”

“चेष्टा नको. कायद्यानं त्या तुमच्याच हाताखाली आहेत. असला दवाखाना मला नको.” लॉर्नानं पर्स उचलली. “जेवण छान होतं. येते मी.”

डोरीननं ट्रे टेबलावर दाणकन ठेवला.

“बस खाली. आणि ठेव ती पर्स. रोल खाल्ल्याशिवाय या घरातून कुणी उठत नाही.” मग ती नवऱ्याकडे वळली, पण बोलली ट्रेकडे बघून. “तुझा हिशेब चुकलेला नाही. शनिवारपासून तिघंच आहेत. मी सोडलंय. गेल्या आठवड्यात बोर्डाला कळवूनही टाकलं.”

तिनं एक रोल सोडवून लॉर्नाच्या बशीत टाकला.

“हिचा फोन आला तेव्हा मी इथंच बटाटे सोलत होते. तू ‘नाइलाज आहे’ म्हणालास आणि क्रॉसवर्ड घेऊन बसलास. मला काही ते बटाटे गोड लागले नाहीत. इथं तू आहेस, पलीकडे तो नवा डॉक्टर आहे. हिच्या गावात कोण आहे? गाई?” तिनं हात पुसायला फडकं घेतलं आणि पुसायचे विसरून ते तसंच धरून ठेवलं. “काम सोडू तेव्हा दोघं एकाच दिवशी सोडू, असं आपलं ठरलं होतं. ठाऊक आहे मला. म्हणून तर आठवडाभर नुसतं तोंड उघडतेय आणि मिटतेय. आता ओरडायचं असेल तर ओरड बाबा एकदाचा.”

लॉर्ना खाली बसली. आनंद व्हायला हवा होता, आणि होतही होता. पण तो डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे बघत दाराशीच थांबला होता.

डॉक्टरांनी सगळ्यांत मोठा रोल उचलला, बायकोच्या बशीत ठेवला आणि बोटाला लागलेला पाक चाटला.

“बोर्डातल्या बाईनं सोमवारीच फोन केला मला,” ते म्हणाले. “तो ठेवला आणि लगेच लॉर्नाला जेवायला बोलावलं. म्हटलं, पाहुण्यांसमोर तरी ही बया खरं बोलेल. मग आपला तिघं मोजायचा सराव करत बसलो. दर वेळी पहिलं नाव तुझंच यायचं.”