रकास

मुलगी म्हणून वाढवलेलं लेकरू आता मुलगा झालं होतं, ओजस नावाने हेलसिंकीत राहत होतं. त्याला भेटायला आलेल्या यशवंतरावांची जीभ 'आलास' म्हणावं की 'आलीस' यावर अडायची.

परतीच्या दिवशी ओजस म्हणाला, "बाबा, मला 'रकास' म्हणा. फिनिशमध्ये लाडका काय, लाडकी काय, विशेषण हेच. विभक्तीप्रमाणे बदलतं, पण मुलगा-मुलगी बघून बदलत नाही. तुम्हाला सोपं जाईल."

"रकास," यशवंतराव म्हणाले. सोपं होतंच. पण बापाची अडचण सोडवायला पोराने परक्या भाषेत वाट शोधावी, हे त्यांच्या मनाला लागलं.

टॅक्सी आली. ओजसच्या जॅकेटची चेन त्यांनी गळ्यापर्यंत ओढून दिली.

"थंडीत उगाच हिंडू नकोस," ते म्हणाले. "आणि वेळेवर जेवत जा रे."