समोरचं बटण

"घ्या भावजी. तुमची पाळी होती," म्हणत रत्नमालाने पिशवीतून एक छोटी डबी काढून टेबलावर ठेवली. "दवाखान्यात बी त्यांचं हेच चाललं व्हतं. मुंजाबाला चिप द्यायची राहिली म्हणं."

तिचा नवरा संघपाल जाऊन महिना होत आला होता. मुंजाबाने डबी उघडली. काळ्या फोममध्ये खोचलेली, पाठीवर काचेची खिडकी असलेली तीच जुनी चिप. भंगारातल्या बोर्डावरून काढलेली, दोघा मित्रांत मिळून एकच. आधी संघपालने तिच्यात आपला प्रोग्राम भरायचा, मन भरलं की मुंजाबाने तो पुसून आपला भरायचा. पुसायचं यंत्र घेण्याचे लाड दोघांच्याही पेन्शनला झेपणारे नव्हते. मग खिडकीवरची चिकटपट्टी काढायची आणि चिप आठवडाभर गच्चीच्या कठड्यावर उन्हात ठेवायची, की काचेतून ऊन लागून आतला प्रोग्राम पुसला जायचा. ऊन फुकट होतं आणि संभाजीनगरात त्याला तोटा नव्हता.

टाकीच्या पंपाचा प्रोग्राम मुंजाबाने कधीचा लिहून ठेवला होता. तरी त्याने चिकटपट्टीला हात लावला नाही. चिप बोर्डावर बसवली आणि वायर जोडली.

"काय हाय त्याच्यात?" रत्नमालाने विचारलं.

"बघू की. कॉपी तर करता यायची नाय. मी चोरीन म्हणून आतल्या प्रोग्रामला कायम कुलूप घालायचा. जसा काय खजिनाच."

रत्नमालाला हसू आलं आणि तिने पदर डोळ्यांना लावला.

बोर्ड दोघांचा नेहमीचाच. दोन बटणं, दोन दिवे. एक जोडी मुंजाबाच्या बाजूला, दुसरी समोरच्या, संघपालच्या रिकाम्या स्टुलाच्या बाजूला. मुंजाबाचा दिवा लुकलुकू लागला. त्याने आपलं बटण दाबलं. त्याचा दिवा विझला आणि समोरचा लुकलुकायला लागला. दोघांनी खेळायचा खेळ होता. संघपालने आजारपणात पडल्या पडल्या लिहिलेला.

दोघं बघत राहिली. समोरचा दिवा काही थांबेना.

"बिघडलं का?"

"नाय. समोरच्यानं दाबल्याबिगर पुढं जायचं नाय."

"मग मी दाबू?" रत्नमालाने बोट पुढे केलं.

"नको," मुंजाबा एकदम म्हणाला, आणि त्याची त्यालाच लाज वाटली. महिनाभरात गच्चीवरच्या या पत्र्याच्या खोलीत त्याच्याशी भांडायला कोणी आलं नव्हतं. इतकं एकटं त्याला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

रत्नमालाने बोट मागे घेतलं. पिशवी उचलली. दाराशी गेल्यावर तिला कठडा दिसला. ऊन अगदी कडक पडलं होतं.

"मग पुसायला कधी ठेवता, भावजी?"

मुंजाबाने समोरचं स्टूल टेबलाजवळ ओढून नीट लावलं.

"त्यानं बटण दाबलं की ठेवतो."