वाफेने भरलेली खोली

महिनाभर बंद असलेल्या फ्लॅटमध्ये परतल्यावर अण्णा आधी गरम शॉवरखाली उभे राहिले. तेवढ्यात बाथरूमचं दार बाहेरून खटकन बंद झालं.

“साचलेल्या पाण्यात लिजिओनेलाचे, म्हणजे वाफेतून फुप्फुसांत शिरणारे जंतू सापडले आहेत,” इमारतीच्या स्वयंचलित यंत्रणेचा आवाज भिंतीतून म्हणाला. “नियमानुसार वाफेची खोली बंद केली आहे.”

“अहो, आत माझे वडील आहेत!” दाराबाहेरून हेमांगी ओरडली.

“माहीत आहे. हवा शुद्ध होईपर्यंत दार उघडणार नाही.”

अण्णांचं एकच फुप्फुस शाबूत होतं.

“हेमा, दार उघडत नाहीये गं!”

“शॉवर बंद करा अण्णा! नाकातोंडावर टॉवेल धरा!”

आतून नुसता खोकला ऐकू आला. मग तोही थांबला.

तिने वरवंटा उचलला आणि कुलूप तुटेपर्यंत घाव घातले. दार उघडताच वाफ तिच्या अंगावर आली. अण्णा फरशीवर कोसळले होते. ती श्वास रोखून त्यांना ओढू लागली, पण ताकद पुरेना. शेवटी तिने त्या वाफेतच छाती भरून श्वास घेतला आणि त्यांना गॅलरीत आणलं.

बऱ्याच वेळाने अण्णांनी डोळे उघडले. तिच्याकडे पाहून ते घाबरले.

“आत श्वास घेतलास का गं?”

“नाही अण्णा,” ती खोटंच बोलली.