सरळ आवाज

"ब्रिजिता आंटी, पुन्हा थरथरला आवाज!" कॉयरच्या तालमीत आज तिसऱ्यांदा मी सगळ्यांचं गाणं थांबवलं होतं. आमच्या वसईच्या चर्चमध्ये रविवारी चारशे वर्षांपूर्वीचं लॅटिन स्तोत्र गायचं होतं, आणि ते त्या काळासारखंच, अजिबात कंप न देता गायचं, हा माझा हट्ट होता. "नसेल जमत तर रविवारी तुम्ही गाऊ नका."

"तेव्हा सरळ आवाजात गायचे, हे तुला कोणी सांगितलं रे?" चाळीस वर्षं पहिल्या रांगेत गाणाऱ्या आंटींनी विचारलं.

याच प्रश्नाची मी वाट पाहत होतो. पिशवीतून झेरॉक्स काढून त्या काळच्या एका गायनगुरूने आपल्या गायकांना लिहिलेलं पत्र मी मोठ्याने वाचलं. "आवाज थरथरवू नका. हे मी तिसऱ्यांदा सांगतो आहे."

आंटींनी शांतपणे चष्मा पुसला.

"तिसऱ्यांदा? म्हणजे त्याचंही कोणी ऐकत नव्हतं."

अख्खं कॉयर खो खो हसत सुटलं. मी पत्र पुन्हा वाचलं, मग आणखी एकदा.

"गाऊ ना मग रविवारी?" आंटींनी विचारलं.

मी ताल द्यायला छडी उचलली. तिचं टोक थरथरत होतं.