नळीवरचा नंबर

हरेशभाईंनी पोत्यातून बंदूक बाहेर काढली आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली. समोर स्टुलावर बसलेल्या जयदेवला त्या आठीचं काही वाटलं नाही. घेणारा नाक मुरडतो ते भाव पाडायला, एवढं त्यालाही कळत होतं. त्याच्या वडिलांची, आबांची, ती जुनी ठासणीची बंदूक आज नव्या स्टीलच्या भांड्यासारखी चकाकत होती.

"चामटोलीवरून आणलीस?"

"हो शेठ. कागद सगळे हायत." जयदेवने प्लास्टिकच्या पिशवीतून परवाना, पोलिसांची परवानगी आणि आबांचा अंगठा असलेलं पत्र काढून काउंटरवर ठेवलं.

कॅम्प चारमधलं हरेशभाईंचं हे बंदुकांचं दुकान रीतसर परवान्याचं. हरेशभाईंनी फोनवर सांगितलेला भाव इराच्या नर्सिंगच्या फीइतका होता. अंबरनाथच्या कॉलेजात पोरीचं नाव लागलं होतं आणि फी भरायची मुदत आज पाचला संपत होती. पाचनंतर यादीतल्या पुढच्या मुलीला बोलावणार होते. भिंतीवरच्या घड्याळात साडेतीन झाले होते.

हरेशभाईंना मात्र कसली घाई नव्हती. त्यांनी लोखंडी गज नळीत सोडला, बोटाने खूण धरली, बाहेर काढून नळीला लावून पाहिला. आत जुनी दारू अडकलेली नाही, याची खात्री झाली. मग घोडा मागे ओढला, तो खटकन बसला. नळीत फुंकर मारून दुसऱ्या टोकाच्या बारीक भोकाशी बोट धरलं. दस्त्याचं लाकूड नखाने टोकरलं.

"माल असली आहे," ते म्हणाले. "एकदम असली."

जयदेवचा जीव भांड्यात पडला. आत्ताच इराला फोन करावा असं त्याला वाटलं, पण आधी पैसे हातात पडू देत म्हणून त्याने मोबाइल खिशातच ठेवला.

हरेशभाईंनी चष्मा चढवला, दिवा जवळ ओढला आणि नळी फिरवून पाहिली. पुन्हा फिरवली. मग भिंग घेतलं.

"नंबर कुठाय?"

"असल ना तिथंच. घोड्यापाशी."

"इथे तर आरसा झालाय. ये पॉलिश किसने किया?"

"आबांनी," जयदेव म्हणाला, आणि म्हणताना त्याला थोडा अभिमानच वाटला.

बंदूक विकायची ठरली तेव्हा आबा दोन दिवस कोणाशी बोलले नव्हते. तिसऱ्या दिवशी त्यांनी कुळगावातून पॉलिश पेपर मागवला आणि अंगणात घासायला बसले. गंज गेला, खड्डे गेले, ओरखडे गेले. बोटांची सालं निघाली तरी म्हातारा थांबला नाही. नातीचं काम आहे, गबाळी वस्तू लोकांच्या हातात कशी द्यायची, म्हणाले. डोळ्यांना धड दिसत नव्हतं, आणि अक्षराशी तर त्यांची जन्मात ओळख झाली नव्हती.

"अरे बाबा, त्या ओरखड्यांतच नंबर होता." हरेशभाईंनी परवान्यावर बोट ठेवलं. "हा इथे लिहिलाय, तोच नळीवर पाहिजे. नाहीतर ही तीच बंदूक, हे कोण मानणार?"

"गावात कोणालाबी विचारा, शेठ. शेंबडं पोर वळखल तिला."

"पोलीस पोराला विचारत नाहीत."

"मग कमी द्या. निम्मे द्या."

"फुकट दिलीस तरी घेता येत नाही. माझं लायसन जाईल. तू अर्ज कर. चौकशी होईल, दोन-चार महिने लागतील."

"पाचला मुदत हाय, शेठ!" जयदेवने काउंटरवरून त्यांचा हात धरला. "पोरीचं वर्ष जाईल. तुमच्या पाया पडतो."

हरेशभाईंनी हात सोडवून घेतला नाही. मग दुसऱ्या हाताने त्यांनी बंदूक पोत्यात सरकवली आणि हळूच म्हणाले, "सरळ घरी जा. वाटेत कोणी अडवलं तर सगळे कागद दाखव. बिननंबरी आहे आता ती."

जयदेवच्या खिशातला मोबाइल वाजला. आबांचा फोन होता. त्यांना ऐकायला कमी येतं, म्हणून ते स्वतःच मोठ्याने बोलत.

"पोचलास का रं? बघितली का शेठनी?"

"बघितली, आबा."

"चमक बघून काय बोलला?"

जयदेवने पोत्याकडे पाहिलं. पोत्याच्या तोंडातून नळी वीतभर बाहेर आली होती, लखलखीत.

"बोलला, असा हात आता कोणाचा नाय राहिला."

पलीकडे म्हातारा लहान मुलासारखा हसला. मग फोन तसाच हातात धरून त्याने अंगणात हाक मारलेली जयदेवला स्वच्छ ऐकू आली.

"इरे, चल, कपडे घाल गं! तुझा बाप पैसं घेऊन निघालाय!"